कायतानचा सूर

“त्ये टोपीत का वाजवाय लागल्यात?” हौसानं मला विचारलं.

“टोपी नाही गं, हॅट. ट्रम्पेटच्या तोंडावर धरलीय.”

“कशापायी?”

“आवाज दबावा म्हणून.”

“दाबायचाच हाय तर वाजवायचा कशाला?”

खोटं कशाला बोलू, त्या प्रश्नानं मला इतकं बरं वाटलं की तिथल्या तिथं तिला दोन आइस्क्रीम मागवली असती. हौसा म्हणजे माझी बायको. लग्न होऊन वर्ष झालं होतं. मुंबईला येऊन तिला तीनेक महिने झाले होते, आणि मी वाजवतो ते हॉटेल तिनं त्या रविवारी पहिल्यांदा पाहिलं. हॉटेलचं नाव मिराडोर, चर्चगेटला. साल साठ-एकसष्ट असेल. दर रविवारी सकाळी तिथं जॅझ व्हायचं. कॉलेजची पोरंपोरी एका कोल्ड कॉफीत दोन स्ट्रॉ घालून दुपारपर्यंत बसायची. वाजवणाऱ्यांच्या बायकांना टेबल मिळत नसे, म्हणून हौसाला मी किचनच्या दाराशी स्टुलावर बसवली होती. संथ गाणं आलं की ते आमचा दुसरा ट्रम्पेटवाला कायतान एकटाच वाजवायचा, तेवढ्यात मी खाली उतरून पाणी पिऊन घ्यायचो.

तर कायतान वाजवत होता. स्ट्रॉ थांबल्या. वेटर बशा आपटायचे ते हळू ठेवायला लागले. मी हौसाकडे पाहिलं, तर बाईसाहेबांनी पदर डोळ्याला लावलेला.

“काय गं, काय झालं?”

“काय न्हाई. म्हायेर आठवलं.”

माहेर! आता मला सांगा, त्याच्या आधी मी असा काही वाजवला होता की टेबलावरचे ग्लास किणकिणले होते. पोरांनी टाळ्या पिटल्या होत्या. घामाघूम होऊन मी तिच्याजवळ आलो तेव्हा ती काय म्हणाली? “घाम पुसा.” बस्स. आणि त्या हाडकुळ्यानं हॅटीत चार सूर काय सोडले, हिला माहेर आठवलं! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

माझं नाव दत्तू आवळे. मिरजेचा. आमच्या वडिलांचा लग्नाचा बँड होता, आणि बँडवाल्याच्या पोराला वरातीत एकच गोष्ट कळते, ती म्हणजे ऐकू गेलं पाहिजे. मागं घोडा, पुढं फटाके, बाजूला नाचणारे पाव्हणे. तिथं हळू वाजवणाऱ्याला कोण कुत्रं विचारतं? वर जायचं, वर जाऊन सूर धरायचा आणि गल्लीच्या टोकापर्यंत सोडायचा नाही. असंच दादरच्या एका लग्नात वाजवताना मला मेस्त फेर्मिननं ऐकलं. मेस्त म्हणजे आमचे मास्तर, मिराडोरच्या बँडचे म्होरके, जन्मानं गोव्याचे. त्यांनी मला लिहिलेलं संगीत वाचायला शिकवलं, पांढरा कोट चढवला आणि दारावरच्या पाटीवर माझं नाव ‘डॅनी’ करून टाकलं. डॅनी तर डॅनी. घोड्यापुढून सुटलो, हेच मला लय झालं.

निघताना वडील म्हणाले होते, “जातूस तर जा. पर हाटेलातनं माघारी घोड्याम्होरं आलास, तर त्यो कोट घालून यिऊ नगंस. लोक हसतील.”

कायतान बार्रेटो माझ्यानंतर वर्षभरानं आला. गोव्याकडच्या साष्टीतल्या कुठल्या गावचा, लहानपणापासून चर्चमध्ये वाजवलेला. धोबीतलावला कुडात राहायचा. कुड म्हणजे एकेका गावच्या गोवेकरांनी मुंबईत मिळून घेतलेली खोली, गावचा कुणीही आला की तिथंच पथारी टाकतो. माणूस असा सालस की विचारू नका. ऑम्लेट-पाव मागवला की अर्धा माझ्यापुढं सरकवायचा. वाईट असता तर बरं झालं असतं. वाईट माणसावर जळायला सोपं असतं.

आम्हा दोघांचं एक ठरलेलं वाजवणं होतं. लोक त्यासाठीच यायचे. त्याला आम्ही पाठलाग म्हणायचो. एकानं थोडं वाजवायचं, लगेच दुसऱ्यानं तेवढंच वाजवायचं, परत पहिल्यानं. मेस्तचा कडक नियम होता: आधीचा जिथं थांबला तोच सूर पुढच्यानं उचलायचा आणि तिथून पुढं जायचं. मी मुद्दाम अशा उंचावर नेऊन सोडायचो की कायतानचा हात पोचू नये. काढ म्हणावं इथून! तो काय करायचा? क्षणभर गप्प बसायचा. हॅट लावायचा. मग तोच सूर अख्खं सप्तक खाली आणून असा हळूच ठेवायचा की सगळं हॉटेल खुदकन हसायचं. माझ्यावर नव्हे हो, पण मला तसंच वाटायचं.

त्या रविवारनंतर मंगळवारी मेस्तनं आम्हा दोघांना बाजूला घेतलं.

“बाबांनो, वाईट बातमी आहे. मालकाला बँड लहान करायचाय. अजून दोन टेबलं मांडणार म्हणतो. एक ट्रम्पेट राहील, एक जाईल.”

“कोण जाणार?” मी लगेच विचारलं. 

“मी सांगितलं, मी निवडणार नाही. माझी दोन्ही पोरं. पुढच्या महिन्यातल्या पहिल्या रविवारी मालक स्वतः ऐकायला बसणार. पाठलाग वाजवा. तोच ठरवील.”

बाहेर आल्यावर कायतान म्हणाला, “तूच राहशील रे, डॅनी. लोकांना तुझं आवडतं.”

“तुझं काय कमी आवडतं?” मी म्हणालो, आणि मनात म्हणालो, साळसूदपणा बघा याचा.

घरी हौसाला सांगितलं. ती म्हणाली, “मग वाजवा की जोरात.” मला ते टोमण्यासारखं लागलं. जोरात! हिला हळू आवडतं आणि मला म्हणते जोरात. मालकाला तरी काय आवडणार होतं? त्याच्या हॉटेलात येणारे सगळे कायतान वाजवायला लागला की माना डोलवायचे. त्या रात्री मी पडल्या पडल्या ठरवलं की याला याच्याच हत्यारानं मारायचा. हळू वाजवायचं. त्याच्यापेक्षा हळू.

पण ते करतो कसा, हे तर बघायला पाहिजे. म्हणून एका सकाळी ट्रम्पेटच्या पिस्टनला लावायच्या तेलाची बाटली कायतानला परत द्यायचं निमित्त करून मी धोबीतलावला गेलो. कुडात एक म्हातारा खलाशी दाढी करत बसला होता.

“कायतान? तो नाही. उजाडलं की ट्रम्पेट घेऊन कफ परेडच्या खडकांवर जातो.”

“इथं का नाही वाजवत?”

“इथं? इथं तो आवाज काढला तर आम्ही त्याला खिडकीतून खाली टाकू.”

एवढं हळू वाजवणाऱ्याला खिडकीतून टाकायची पाळी का यावी, हे माझ्या डोक्यात यायला हवं होतं. पण मी जळत होतो, डोकं कुठं चालतंय? मला वाटलं, शहाणा समुद्राला ऐकवायला जातो, माशांना माहेर आठवत असेल.

मग मी माझ्या परीनं सुरू केलं. आमची लालबागला चाळीत एक खोली. गादीची वळकटी भिंतीला टेकवायची, ट्रम्पेटचं तोंड तिच्यात खुपसायचं आणि खालचे सूर घोटायचे. हॅट माझ्याकडं नव्हती, आणि त्याच्यासारखी हॅट घेणं म्हणजे हार मानल्यासारखं. म्हणून मी हौसाची जर्मनची, म्हणजे ॲल्युमिनियमची, खोलगट वाटी घेतली. ट्रम्पेटच्या तोंडावर ती थोडी आत-बाहेर केली की आवाज दबायचा.

“माझी वाटी कुटं गेली?” हौसा सगळीकडं शोधायची. एकदा भाजी आणून दारात उभी राहिली आणि बघतच राहिली. “आवो, बरं न्हाई का तुमाला? आसं कण्हल्यागत काय वाजवताय?”

“तुला नाही कळायचं.”

“बरं बाई.”

तो रविवार आला. हौसाला मी मुद्दाम बरोबर नेली. तिला बघू दे म्हटलं माहेर कुणाला आणता येतं ते. ती हिरवं लुगडं नेसून स्टुलावर बसली. मालक पुढच्याच टेबलाशी अननसाचा रस घेऊन बसला. आणि कायतान आला तो हॅटशिवाय.

मी दोनदा पाहिलं. खुर्चीवर नाही, पेटीत नाही. विसरला! देव पावला म्हटलं. माझ्या कोटाच्या खिशात वाटी होती, ती मी चाचपून बघितली.

मेस्तनं गाणं सुरू केलं, गाण्याची एक फेरी झाली, पाठलागाची जागा आली आणि त्यांनी मला मान हलवून खूण केली. मी वाटी काढली. पियानोवाला माझ्याकडं बघायला लागला. मी खालच्या सुरावर सुरुवात केली, हळू, श्वास राखून. आवाज निघाला हो, नाही असं नाही. पण तो वाटीतला आवाज होता. कायतान हॅट धरायचा तेव्हा तिच्या मागं अख्खा माणूस असायचा. माझ्या वाटीमागं नुसती वाटी होती. तरी मी दामटलं आणि एका खालच्या सुरावर नेऊन सोडलं. घे म्हटलं.

कायताननं माझ्याकडं पाहिलं. आपलाच खिसा आपल्यासमोर कापला गेल्यावर माणूस बघेल तसं. मग त्यानं डोळे मिटले, माझा खालचा सूर उचलला आणि वर निघाला.

वर म्हणजे वर! कायतान! पायऱ्या चढाव्यात तसा एकेक सूर धापा टाकत चढला आणि माझ्या उंचीला जाऊन पोचला. सूर बारीक होता, थरथरत होता, पण पोचला. खुर्च्या सरकल्या. कुणालाच काही कळेना.

आता बघा. नियमाप्रमाणे मला त्याच उंच सुरावरून उचलायचं होतं. तो सूर माझा होता. मिरजेच्या गल्ल्यांत मी तो झोपेतसुद्धा काढला असता. वाटी खाली टाकली असती, छाती भरून तो सूर ओढला असता, तर काम तिथंच फत्ते होतं. मेस्त माझ्याकडं डोळे मोठे करून बघत होते, काढ काढ म्हणत होते.

मी तोच सूर एक सप्तक खाली आणला आणि वाटीत घातला. कायतान करायचा तसा.

कुणी हसलं नाही.

कायताननं परत उचललं, परत वर गेला. ह्या वेळी सूर फुटला. मागून एक पोरगी खिदळली. मी परत खाली. तो परत वर. तिसऱ्या वेळी तो इतका जोर लावून चढला की आवाज मधेच तुटला आणि त्यानं ट्रम्पेट खाली घेतलं. त्याचा वरचा ओठ फाटला होता. पांढऱ्या कॉलरवर रक्ताचे थेंब पडले.

मेस्तनं हात वर केला. बँड थांबला. मालकानं रस संपवला, उठला, मेस्तच्या कानाशी काहीतरी बोलला आणि निघून गेला.

मेस्त आम्हाला किचनमध्ये घेऊन गेले. आचारी कांदा चिरायचे थांबले.

“मालक काय म्हणाला?” मी विचारलं.

मेस्त हळू आवाजात बोलले. ओरडले असते तर परवडलं असतं.

“आवळे, तू आज सगळ्यांपुढं उभं राहून सांगितलंस की कायतान चांगला. कायतान, तू सांगितलंस की आवळे चांगला. दोघांनी एकमेकाला मत दिलं. मालक म्हणाला, फेर्मिन, ह्या दोघांना स्वतःचंच वाजवणं नको आहे, तर मी कशाला पैसे मोजू? गिटारवाला शोध.”

ते निघून गेले. त्यांचे डोळे भरले होते असं एक आचारी नंतर म्हणाला. मी पाहिलं नाही, मी खाली बघत होतो.

कायतान उलट्या बादलीवर बसला होता, बर्फ ओठाला लावून. एकाएकी तो हसायला लागला, आणि हसलं की ओठ दुखायचा म्हणून विव्हळायला लागला.

“हसतोस काय?” मी म्हणालो. “हे काय सोंग केलंस? हॅट कुठाय तुझी?”

“कुडात. मुद्दाम ठेवून आलो.”

“आणि त्या खडकांवर...”

“वर चढायला शिकत होतो रे. तुझ्यासारखं. मला वाटलं, मालकाला तेच पाहिजे.”

“कुणी सांगितलं तुला?”

त्यानं बर्फ ओठावरून काढला. “कोणी नाही. आमच्या चर्चमध्ये पाद्री असा हात खाली करायचा. हळू, हळू. मी अजून वाजवायला लागलो की मला तो हात दिसतो, मॅन. तू वाजवतोस तेव्हा तुला कोणाचाच हात दिसत नाही. मी तुझ्यामागं बसून दर रविवारी जळलो आहे.”

माझ्यावर!  एवढे दिवस मी एकटाच जळतोय अशी माझी समजूत होती, आणि त्यातही हा वाटेकरी निघाला.

“ती वाटी कोणाची?” त्यानं विचारलं.

“बायकोची.”

“आवाज चांगला होता.”

“खोटं बोलू नकोस.”

“बरं. घाण होता.”

मग मीही हसलो. पण आतून रडू येत होतं, कारण हसून काय होणार होतं? जागा दोघांचीही गेली होती. त्याला काय, बोटीवरच्या बँडात वाजवणारे गाववाले होते त्याचे. मला घोडा दिसत होता.

दुपारी मी आणि हौसा मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर जाऊन बसलो.  तिनं माझ्या खिशातून वाटी काढून घेतली आणि पदरानं पुसली.

“पोचा आलाय हिला.”

“नवी घेऊ.”

“कशानं घेणार?” असं म्हणाली आणि लगेच जीभ चावली. मग म्हणाली, “आज तुमी कवा वाजवलं वो? मी वाट बघत बसले हुते.”

“समोर तर वाजवत होतो! हळू वाजवलं ना, तुला आवडतं तसं.”

“मला? मला आवडतं आसं कवा म्हनले मी?”

“त्या दिवशी नाही का! कायताननं वाजवलं तेव्हा रडलीस. माहेर आठवलं म्हणालीस.”

हौसानं माझ्याकडं असं पाहिलं, जणू मी शुद्धीवर नाही.

“आवो, म्हायेर आठवलं म्हंजी रडू आलं. रडू आलेलं कुनाला ग्वाड लागतं? रातभर झोप न्हाई मला त्या दिशी. आईच दिसाय लागली.” ती समुद्राकडं तोंड करून बसली. “तुमी तासगावला आमच्या गल्लीत वरातीसंगं आला हुता, आठवतंय का? मी आत तांदूळ निवडत हुते. तुमी त्यो वरचा सूर काढला आन् माझ्या हातातलं सूप खाली पडलं. तशीच अनवानी भाईर पळत आले. आबानं गिरनीतलं स्थळ आनलेलं, पगारी मानूस. मी म्हनलं, करीन तर त्या सूरवाल्याशीच. म्हायेर सोडून आले ती कुनामागं?”

“मग मला सांगायचं नाहीस का हे?”

“ह्ये काय सांगायचं आसतं का? मी म्हनलं की, जोरात वाजवा म्हून.”

खरंच म्हणाली होती. मी कठड्यावर डोकं आपटून घ्यायचं तेवढं बाकी ठेवलं.

महिना संपायच्या आत आम्ही मिरजेला परतलो. पांढरा कोट मी मेस्तना परत केला. वडिलांनी बँडचा लाल कोट खुंटीवरून काढून हातात दिला. पुढं तीस-पस्तीस वर्षं मी घोड्यापुढं वाजवलं, आणि काय वाजवलं म्हणून सांगू! प्रत्येक गल्लीत तो वरचा सूर काढायचो, वाटी नाही, हॅट नाही. कुठल्या ना कुठल्या दारात पोरी पळत यायच्या, आणि मी घरी येऊन हौसाला मुद्दाम सांगायचो. कायतान बोटीवर गेला एवढं कळलं, नंतर त्याचा पत्ता नाही.

आता माझे पुढचे दात गेलेत. कवळीवर ट्रम्पेट वाजत नाही. ते खुंटीला टांगलंय.

हौसा सकाळी चुलीपुढं बसते. भाकरी थापता थापता गुणगुणते. पहिल्यांदा मला कळलं नाही. मग एक दिवस हातातला चहा तसाच राहिला. त्या रविवारचं, हॅटीतलं. एक सूर इकडं तिकडं नाही.

“कुणाचं गं हे?” मला माहीत होतं तरी विचारलं.

“त्या टोपीवाल्याचं.”

“तुला तर त्यानं रडू यायचं.”

“आता आई कुटं राह्यली? आता ग्वाड लागतंय.”

“मग माझं का नाही गुणगुणत कधी?”

हौसानं भाकरी तव्यावर टाकली, तिच्यावर पाण्याचा हात फिरवला. “तुमचं कसं गुनगुनायचं वो? त्यो सूर तोंडात मावतो का?”

 जिच्या हातातलं सूप पाडलं, तिच्याही तोंडात तो मावत नाही. माझे दात गेले त्याच दिवशी तो सूर जगातून गेला. आणि तो हाडकुळा मात्र, कुठल्या देशात आहे की नाहीच, पण रोज सकाळी माझ्याच घरात, माझ्याच तव्यापाशी येऊन बसतो. जळतो मी. या वयातही जळतो.

“हळू गुणगुण,” मी म्हणतो.

“हळूच हाय की,” ती म्हणते.